सावलीतले चतुर: ठाण्याच्या वाड्यांत पहिल्यांदा बघायला जाताना

ठाण्यात चतुर (ड्रॅगनफ्लाय) बघायचे म्हटले की पावलं आपोआप तलावाकडे वळतात. मासुंदा, उपवन, कचराळी, जो जवळ असेल तो. काठावरच्या कठड्यावर आणि गवताच्या शेंड्यांवर केशरी डिच ज्वेल बसलेले असतात, एखादा ग्रीन मार्श हॉक दुसऱ्या कुठल्या तरी किड्याला पकडून चावत असतो, पाण्यावरून लालभडक स्कार्लेट स्किमर फेऱ्या मारत असतो. अर्ध्या तासात पाच-सहा जाती पदरात पडतात. सुरुवात म्हणून उत्तमच. फक्त हीच मंडळी कल्याणच्या खदाणीवर भेटतात, भिवंडीच्या गटारापाशी भेटतात आणि बेलापूरच्या एखाद्या सोसायटीतल्या कमळकुंडावरही भेटतात. उघडं पाणी आणि कडक ऊन मिळालं की त्यांचं भागतं.

या लेखात मी तुम्हाला दुसरीकडे नेणार आहे: शहापूर, मुरबाड, बदलापूर-बारवीकडच्या आणि येऊरच्या पाड्यांना लागून असलेल्या वाड्यांमध्ये. वर आंबा, फणस, जांभूळ. मधल्या थरात चिकू, काजू, केळ. खाली हळद, आलं, सुरण, अळू. बांधावर ऐन, करंज, शेवगा. एका कडेला भातखाचर, दुसऱ्या कडेला पावसाळी ओहोळ, आणि कुठे तरी मध्ये विहीर किंवा सिमेंटची टाकी. सरकारी भाषेत हे कृषिवनीकरण. चतुरांच्या भाषेत हा ऊन आणि सावलीचा ठिगळांचा पट आहे, आणि कोणत्या ठिगळात कोण बसतं हे ओळखायला शिकणं, एवढंच नवख्याचं पहिल्या हंगामातलं काम.

सावलीने काय बिघडतं, काय साधतं

चतुर आणि टाचण्या (इंग्रजीत डॅमसेलफ्लाय) ही चुलत भावंडं. चतुर दणकट आणि वेगवान. टाचणी काडीसारखी बारीक, उडणं हळुवार. भारतात दोन्ही मिळून सुमारे ५०० जाती आहेत. त्यांना उडायला अंग गरम लागतं आणि ते गरम करण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. काठीच्या टोकावर बसून राहणारे मध्यम आकाराचे चतुर थेट ऊन खातात. ऊन नाही तर शिकार नाही, हद्दीची भांडणं नाहीत, मादी नाही. मोठाले चतुर पंखांचे स्नायू थरथरवून आपली ऊब आपणच तयार करतात, म्हणून ते संधिप्रकाशातही उडू शकतात. टाचणीचं अंग इतकं लहान की भोवतालच्या हवेचं जे तापमान तेच तिचं. तिला सावली परवडते, आणि भर दुपारचं उघडं माळरान मात्र बऱ्याच टाचण्यांना कोरडं ठणठणीत करून सोडतं.

यातून वाडीचं गणित निघतं. झाडांचा माथा जसा मिटत जातो तसे ऊन खाणारे चतुर कमी होतात आणि टाचण्यांचा वाटा वाढतो. म्हणजे दाट सावलीत एकूण जाती कमी भरल्या तरी वाडी वाईट ठरत नाही. उघड्या शेततळ्यावर बारा जाती आणि फणसाखालच्या ओहोळावर पाच, असा आकडा आला तर नवखा माणूस शेततळं जिंकलं म्हणून मोकळा होतो. मला ते पाच जास्त मोलाचे वाटतात, कारण त्या बारांपैकी बहुतेक रस्त्याकडेच्या डबक्यावरही निभावतील. त्या पाचांना फणस तोडल्यावर जायला जागा नाही. आकड्याआधी नावं बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कधी जायचं

जूनमध्ये पहिल्या सरींबरोबर मैदानांवर, गच्चीवर, इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत पिवळट चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. तो ग्लोब स्किमर, शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. जगातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या कीटक प्रवाशांमध्ये त्याची गणना होते. हा भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातो, अशी मांडणी चार्ल्स अँडरसन यांनी मालदीवमधल्या नोंदींवरून २००९ मध्ये केली. तो दिसला की हंगाम सुरू झाला असं समजा, पण वाडीकडे धावू नका. जुलैचा मुसळधार पाऊस, गढूळ पाण्याने फुगलेले ओहोळ आणि निसरडे बांध यात नवख्याच्या हाती फारसं लागत नाही.

खरी वेळ गणपतीनंतर. पाऊस विरळ होतो, ओहोळाचं पाणी निवळतं, भात पोटरीला आलेलं असतं. तेव्हापासून दिवाळीपर्यंत, आणि ओहोळ वाहता असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, वाडी सर्वांत भरलेली असते.

दिवसाचं सांगायचं तर साडेआठ ते बारा. साडेआठच्या आधी चतुर थंड पडलेले असतात आणि पानाखाली लटकलेले सापडत नाहीत. मात्र दिवस एवढ्यावर संपवू नका. वाडीत संध्याकाळची एक वेगळी पाळी असते, तिच्याबद्दल पुढे. ढगाळ दिवस आला तर उघड्या जागेची फेरी रद्द करून थेट सावलीत घुसा. टाचण्यांना ढगांचं फारसं सोयरसुतक नसतं.

निघण्याआधी

वाडी म्हणजे कुणाची तरी जमीन. आधी घरी जाऊन विचारा. "काका, ओढ्याच्या कडेने चतुर बघत फिरलो तर चालेल का?" एवढं पुरतं. हसतील, मग पोराला बरोबर पाठवतील, आणि तो पोरगा तुमच्यापेक्षा दुप्पट चतुर दाखवेल. याच वेळी एक प्रश्न आठवणीने विचारा: फवारणी शेवटची कधी झाली? आठवड्याच्या आत झाली असेल तर त्या दिवशीची नोंद वाडीबद्दल काही सांगणार नाही, आणि ओल्या पानांना हात लावणंही बरं नाही.

येऊरची गोष्ट वेगळी. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. वनखात्याच्या चौकीवर जी परवानगी लागते ती घ्या, अंधार पडण्याआधी बाहेर पडा (बिबट्यांचं घर आहे ते), आणि जाळी तर नेऊच नका. संरक्षित जंगलातून कीटक पकडून नेणं कायद्याने गुन्हा आहे. शहापूरकडच्या खासगी वाडीतही जाळीशिवाय काम भागतं, असं माझं स्पष्ट मत आहे. नवख्याच्या हातातल्या जाळीने पंख मोडतात, ओळख पटतेच असं नाही.

सामान थोडंच. जवळचं नीट दिसणारी दुर्बीण. दीड-दोन मीटरवर फोकस होणारी असेल तर सोनं. मोबाइल, वही, शिसपेन्सिल (पेनाची शाई पहिल्याच सरीत वाहून जाते). पाठीमागून उघडी सँडल घालू नका, गमबूट घाला. बांधाच्या गवतात घोणस आणि फुरसं दोन्ही असतात. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती खरी असते. आणि एक छोटा खिशातला आरसा, ज्याच्यावर मार्करने उभ्या-आडव्या रेघा मारून सोळा चौकोन पाडलेले आहेत. त्याचं काम सांगतो.

सावली मोजायची सोपी युक्ती

प्रत्येक थांब्यावर आरसा पोटाशी आडवा धरा आणि त्यात वरच्या झाडांचं प्रतिबिंब बघा. सोळापैकी किती चौकोनांत अर्ध्याहून जास्त पानं दिसतात ते मोजून लिहा. स्वतःचं डोकं आरशात येऊ देऊ नका, तेवढं टाळण्यापुरता हात पुढे घ्या. चारपर्यंत आले तर उघडी जागा, पाच ते अकरा झिरझिरीत, बारा आणि वर दाट, अशी माझी ढोबळ विभागणी. वनखात्याची मंडळी यासाठी वक्र आरशाचं उपकरण वापरतात, त्याचाच हा घरगुती अवतार.

"सावली होती" अशी नोंद वर्षभराने वाचली तर त्यातून काही कळत नाही. "सोळापैकी तेरा" कळतं. फांद्या छाटल्यानंतर, किंवा राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) टहाळ तोडल्यानंतर, त्याच जागी आरसा सहावर आला आणि टाचण्या गायब झाल्या, तर काय घडलं ते वहीच सांगते.

चतुर की टाचणी?

बसलेला असताना पंख पसरलेले असतील तर चतुर, पाठीवर मिटलेले असतील तर टाचणी. नव्वद टक्के काम यावर होतं. उरलेलं फसवतं. लेस्टेस गटातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात, त्यांना इंग्रजी नावच स्प्रेडविंग असं आहे. दुसरी खूण डोळ्यांची: चतुराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले, टाचणीचे डंबेलच्या दोन टोकांसारखे लांब लांब. इथेही क्लबटेल कुळातले चतुर डोळे वेगळे ठेवून गोंधळ घालतात. शंका आली तर पंखांचा आकार बघा. चतुराचा मागचा पंख बुडाशी रुंद असतो, टाचणीचे चारही पंख सारख्याच घडणीचे.

रंगावर भिस्त ठेवू नका. ताजा बाहेर पडलेला नर बऱ्याचदा मादीच्या रंगाचा असतो आणि मग आठवड्याभरात लाल किंवा निळा होतो. त्यामुळे पहिल्या हंगामात नर पक्के करा, माद्यांच्या पुढे खुशाल प्रश्नचिन्ह टाका.

फेरी: चार थांबे

प्रत्येक थांब्यावर किमान पंधरा मिनिटं. पहिली पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. तुमच्या येण्याने उडालेले चतुर साधारण तेवढ्या वेळात आपापल्या जागी परततात, काही तर नेमके त्याच काडीवर.

उघड्या पाण्यापासून सुरू करा, म्हणजे विहीर, टाकी किंवा शेततळं. इथली मंडळी तलावावरचीच, म्हणून फार रेंगाळू नका. एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. टाकीच्या राखाडी भिंतीवर अगदी सिमेंटच्याच रंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा चतुर चिकटून बसलेला असतो. ग्रॅनाइट घोस्ट, ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. हलल्याशिवाय दिसत नाही. मूळचा खडकांवरचा, पण सिमेंटच्या टाक्या त्याने आपल्याशा केल्या आहेत, तिथेच अंडी घालतो. ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या भिंतीवरही सापडेल. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर चतुर घिरट्या घालताना दिसतील, पण काठाला एक गवताची काडी नसेल तर पाण्यात वाढलेल्या पिल्लाला वर चढून यायला आधार नाही. तिथे "आला" आणि "वाढला" यात फरक करायला शिका.

दुसरा थांबा भातखाचराचा बांध. इथे पाइड पॅडी स्किमर शोधा: नराच्या पंखाचा बुडाकडचा अर्धा भाग काळा, मग पांढरा पट्टा, टोक पारदर्शक. धानाच्या पातीवर बसला की ओळखण्यात चूक होत नाही. पिवळ्या-काळ्या पंखांचा, फुलपाखरासारखा फडफडणारा तो कॉमन पिक्चरविंग. जमिनीवर, वाटेच्या मातीत बसतो तो ग्राउंड स्किमर. खाली वाकून पातींच्या बुडाशी बघितलंत तर दोन-अडीच सेंटिमीटरच्या अॅग्रिओक्नेमिस टाचण्या दिसतील. याच मंडळींच्या जेवणात भातावरचे तुडतुडे असतात. शेतकऱ्याशी बोलायला हा विषय चांगला.

आता तिसरा थांबा, आणि तुमचा अर्धा वेळ इथे घालवा: सावलीतला ओहोळ.

आरसा बारा-तेरा दाखवेल अशी जागा निवडा, जिथे पाणी घोट्याएवढं आणि संथ आहे, पानं साचली आहेत, वरून बांबू किंवा फणसाची फांदी झुकली आहे. काठावर उकिडवे बसा, म्हणजे नजर गुडघ्याच्या उंचीवर येईल. उभ्या माणसाला इथे काहीच दिसत नाही, कारण इथलं सगळं जग पाण्यापासून वीतभर ते हातभर उंचीवर चालतं. आधी काही हलताना दिसणार नाही. मग अंधाऱ्या पाण्यावर पिवळे ठिपके तरंगल्यासारखे वाटतील. ते पाय आहेत: यलो बुश डार्ट, कोपेरा मार्जिनिपेस. अंग काळपट काशाच्या रंगाचं असल्यामुळे सावलीत नाहीसं होतं, आणि नराचे पिवळेधमक, किंचित रुंदावलेले पाय तेवढे दिसतात. त्याच्या आसपास एखादी पांढरीफटक, भुतासारखी टाचणी असेल तर ती नवी जात समजून नाचू नका. नुकतीच बाहेर पडलेली यलो बुश डार्टच ती, रंग अजून भरायचा आहे.

जोडी सापडली तर हलू नका. नराने शेपटीच्या टोकाने मादीची मान धरलेली असते. मादी तरंगणाऱ्या कुजक्या पानावर उतरते, शेपूट वाकवून पानाच्या पेशींत एकेक अंडं टोचते. नर मात्र काहीच न धरता, पाय आवळून, मादीच्या मानेवर खिळ्यासारखा सरळ उभा राहतो. आजूबाजूला दुसरा नर आला की पंख फडफडवतो, बाकी वेळ स्तब्ध. पान प्रवाहात फिरलं तर दोघंही त्याच्याबरोबर फिरतात. तुमच्या वहीतली "अंडी घालताना" ही नोंद दहा नुसत्या "दिसला"च्या बरोबरीची आहे.

इथलेच आणखी काही. बांबूच्या सावलीत, संथ पाण्यावर एका जागी तरंगत राहणारी, काळी आणि छातीवर लाल पट्टे असलेली रेड-स्ट्राइप्ड ब्लॅक बांबूटेल. जंगलाला लागून असलेल्या ओहोळावर फॉरेस्ट ग्लोरी शोधा: धातूसारखी चमकती हिरवी, पारदर्शक पंखांची मोठी टाचणी, जी अनेकदा पाण्यापासून बरीच आत, पानांच्या गर्दीत चार-पाचच्या घोळक्याने बसलेली असते. सावलीत एखादा कवडसा पडला असेल तर तिथल्या दगडावर स्ट्रीम रूबी किंवा गुलाबी-जांभळट क्रिमसन मार्श ग्लायडर जागा पटकावून बसतो. कवडसा सरकला की तोही सरकतो. आणि पाण्यावर लोंबणाऱ्या बारीक फांद्यांवर नजर टाका: पिग्मी स्किमर नावाचा छोटासा काळा-पिवळा चतुर पाण्यात न घालता पाण्यावरच्या काडीवर अंड्यांचा पुंजका चिकटवतो. ती लोंबती फांदी "साफसफाई" म्हणून तोडली की त्याचं त्या डबक्यावरचं बिऱ्हाडच उठतं.

चौथा थांबा पाण्यापासून दूर, हळदीच्या आणि अळूच्या वाफ्यांमध्ये, आंब्याच्या बुंध्यांपाशी. बहुतेक लोक इथे बघतच नाहीत. पण मादी चतुर वेळ इथे काढतात. पाण्यावर गेल्या की नर पिच्छा पुरवतात, म्हणून अंडी घालण्यापुरत्याच जातात. कोवळे नरही इथेच पोसतात. गंजाच्या रंगाचे पंख असलेला फुल्व्हस फॉरेस्ट स्किमर हा वाडीचा खास रहिवासी. कवडशात बसतो, डिवचलं की दोन हातांवरच्या दुसऱ्या पानावर जातो. दुपार चढत जाते तसे उघड्यावरचे चतुरही इकडे सरकतात. सरकण्याआधी काहीजण शेपूट सरळ सूर्याकडे वर करून उभे राहतात, म्हणजे अंगावर ऊन कमीत कमी पडतं. हे शीर्षासन दिसलं की घड्याळ बघून लिहून ठेवा.

दाट झुडपाच्या आतल्या काळोखात काही लटकलेलं दिसलं, लांबुडकं, तपकिरी-हिरवं, मोठ्या डोळ्यांचं, तर तो डस्कहॉकर. दिवसभर असाच लोंबत राहतो आणि सूर्य बुडाल्यावर कामाला लागतो. संध्याकाळची पाळी ती हीच. मालक ओळखीचे झाले असतील तर सव्वासहा ते सात अंगणातच बसा. डस्कहॉकर झाडांच्या मधल्या बोळांतून येरझाऱ्या घालेल, आणि कोरल-टेल्ड क्लाउडविंगच्या मागच्या पंखावरचा पांढरा डाग अंधारात लुकलुकताना दिसेल, बाकीचा चतुर दिसणारही नाही. पावसाळ्यात घरातल्या ट्यूबलाइटवर धडका मारणारा "मोठा किडा" हा अनेकदा डस्कहॉकरच असतो. झाडूने मारण्याआधी एक फोटो काढून घ्या आणि खिडकी उघडा.

कात शोधा

उडणारा चतुर पाहुणा असू शकतो. तो इथलाच आहे याचा पुरावा म्हणजे कात. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं. मासे, बेडूकमासे आणि डासांच्या अळ्या खातं, खालचा ओठ घडीच्या हातासारखा झटकन पुढे फेकून भक्ष्य ओढून घेतं. चतुराचं पिल्लू गुदद्वारातल्या कल्ल्यांनी श्वास घेतं, टाचणीच्या पिल्लाला शेपटीला तीन पानासारखे कल्ले असतात. कोशाची अवस्था मध्ये नसते. वाढ पुरी झाली की ते काडीवर चढतं, पाठ उकलते आणि चतुर बाहेर. मागे उरते पोकळ, तपकिरी, आतून पांढरे धागे लोंबणारी कात. ग्लोब स्किमर हे सगळं दीड-दोन महिन्यांत उरकतो, कारण त्याची डबकी टिकतातच तेवढी; ओढ्यातल्या काहींना त्याहून बराच जास्त काळ लागतो.

सकाळी लवकर, अळूच्या देठांवर, विहिरीच्या आतल्या बाजूच्या दगडांवर, पाण्याबाहेर डोकावणाऱ्या मुळांवर बघा. कात आगपेटीत ठेवता येते, पण राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तिथेच राहू द्या, फोटो पुरे. जोराचा पाऊस पडून गेला असेल तर मिळणार नाही.

फोटो आणि ओळख

एक फोटो पुरत नाही. एक वरून, पंखांच्या बुडाचा रंग आणि शिरा दिसतील असा. एक बाजूने, छातीचे पट्टे दिसतील असा. आणि शेपटीच्या टोकाचा जितका जवळून मिळेल तितका. ब्रिटिश काळात लष्करी डॉक्टर असलेल्या फ्रेझर यांनी १९३३ ते १९३६ दरम्यान भारतीय चतुरांवर तीन खंड लिहिले. नराच्या शेपटीच्या टोकाचे चिमटे ही ओळखीची एक पक्की खूण मानली जाते. सारखे दिसणारे दोन चतुर पंखांवरून वेगळे करता येत नाहीत तेव्हा भांडण बऱ्याचदा तिथे मिटतं.

फोटो आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या अॅपवर टाका. जाणकार ओळख सुचवतात किंवा दुरुस्त करतात. खासगी वाडीचं नेमकं ठिकाण मालकाला विचारल्याशिवाय उघड करू नका; अॅपमध्ये ते धूसर करायची सोय आहे. अॅप जे नाव पहिलं सुचवतं ते डोळे मिटून स्वीकारू नका, कारण त्याने बघितलेले बहुतेक फोटो उन्हातल्या तलावांवरचे असतात. सावलीतली काळपट टाचणी पाहून तेही गोंधळतं.

वहीत प्रत्येक थांब्यासाठी एवढं असू द्या: तारीख, वेळ, आरशाचा आकडा, पाणी वाहतं की साचलेलं, जात, साधारण संख्या, काय करत होता. तेच चार थांबे, तोच क्रम, महिन्यातून एकदा. नवनव्या जागा शोधत फिरण्यापेक्षा एकाच वाडीत परत परत गेलात तर जास्त कळेल.

मालकांनी विचारलंच तर

"मग काय करायचं आम्ही?" हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत येतोच. उत्पन्नाला धक्का लावणारं काही सुचवू नका. ओहोळाच्या दोन्ही काठांची वावभर झुडपं राखता आली तर बघा. टाकीत एक बांबू तिरका टाकून ठेवा, पिल्लांना चढायला. शेततळ्याच्या एका कोपऱ्यात गवत किंवा पाणवनस्पती वाढू द्या. डासांसाठी विहिरीत गप्पी मासे सोडले असतील तर ते चतुरांची लहान पिल्लंही खातात, एवढं कानावर घाला. पिल्लं डासांच्या अळ्या खातात हेही सांगा, पुढचं ते ठरवतील. काळं प्लास्टिक आणि ताडपत्री उघड्यावर पसरून ठेवू नये. चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश चतुराला पाण्यासारखा वाटतो आणि तो तिथे अंडी वाया घालवतो. गाडीच्या बॉनेटवर शेपूट टेकवणारा चतुर तुम्ही पाहिला असेल, तो याच घोटाळ्यात सापडलेला असतो. आणि माथा पार मिटलेल्या बागेत थोडी छाटणी झाली तर चतुरांचं नुकसान होत नाही. कवडसे वाढतात. फक्त ती ओहोळावर करू नये.

पाणी आटल्यावर

मार्चनंतर ओहोळ कोरडा पडतो आणि बहुतेक जण वही मिटतात. या दिवसांत काही जाती मातीत किंवा चिखलात अंड्याच्या रूपाने पाऊस येण्याची वाट बघतात, तर काही लेस्टेस टाचण्या प्रौढ अवस्थेतच, प्रजनन न करता, सावलीत महिनोन्महिने काढतात. वाळक्या काडीच्या रंगाच्या असतात आणि काडीवरच बसतात. तेव्हा एप्रिलमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या थांब्यावर जाच. सकाळी नऊच्या आत, आंब्याच्या सर्वांत गर्द सावलीत, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवरच्या बारीक, निष्पर्ण फांद्या एकेक करून बघायच्या. विहिरीला पाणी असेल तर तिचाही एक फेरा. आरशाचा आकडा या दिवसांत बदललेला असेल, ऐन आणि करंजाची पानगळ झालेली असते, तोही नव्याने घ्या.